वगळून

ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.
बोलणं नाही.
माणसं बोलतात त्यातल्या शिव्या गाळायच्या,
उरेल ते निळ्या शाईत, समासाच्या आत.

विषय नऊ, ऐनवेळचा.
सूचक पुंजाराम गावंडे.
अनुमोदक म्हणून तिघांचे हात एकदम वर.
'सार्वजनिक जागी कोणीही चेहरा झाकून फिरू नये.'
एप्रिल. शाळेचं टिन तापून कडकड वाजतंय.
पंखा आहे, लाइन नाही.

मागून झिंगराजी म्हातारा, कानावरून शेला घट्ट :
'अन् उनाचं काय बाप्पा?
हा सोडला त मी मरतो की.'
हशा.
मी लिहिलं, ऊन वगळून.

मग कोणी म्हणालं, फवारणीवाले.
गेल्या साली दोन पोरं दवाखान्यात होती,
कोणी हसलं नाही.
फवारणी वगळून.
जिनिंगवरच्या बाया, नाकातोंडात रुई जाते,
वगळून.
आग्या मोहोळ झाडणारे कोलाम.
बाशिंगातला नवरदेव, मांडवापुरता.
आणि सरपंचबाई खुर्चीत बसलेल्या,
समोर सासरे, म्हणून पदर नाकापर्यंत.
'तो पदर हाय,' त्यांचे यजमान म्हणाले,
'तो कुठं येते याच्यात?'
पदर वगळून.
सरपंचबाईंचा पदर हलला थोडा.
श्वास असेल.

स्कुटीवरच्या पोरींचं कोणी काढलं नाही.
ते मीच घातलं, हळूच.
सकाळी दारव्ह्याहून आले तेव्हा
माझाही फक्त गॉगल दिसत होता.

स्वल्पविराम, स्वल्पविराम,
वाक्य पुढच्या पानावर गेलं.
तिथं, शाई वाळेस्तोवर, मी मनात मोजलं :
गावात उरल्या पाच बाया.
पाचही माझ्या ओळखीच्या.

त्यातली एक दाराशी उभी होती, शाकेराबी.
माझी पोलकी तीच शिवते.
घरात ओठांत टाचण्या धरून बोलते,
अर्ध्या गावाचे गळे तिच्या वहीत आहेत,
गावंडेकाकूंचाही, अंगठ्याएवढा मोठा करून दिलेला.
मी पेन उचलून विचारलं, तुमचं काही?
सभा वळली. इतक्या वेळात पहिल्यांदा.
काळ्या कापडाआडून आवाज आला :
'माह्या नळाचं कोन्त्या पानावर हाय, मॅडम?'

तिच्या पोरीचं मी लिहिलं नाही.
तहसीन. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.
कॉलेजजवळ रसवंतीच्या मागे
ती नकाब काढते, घडी करते, डब्याखाली ठेवते.
संध्याकाळी फाट्यावर, टाकीच्या आडोशाला, पुन्हा बांधते.
एकदा मी तिथेच गाडी थांबवून
माझा स्कार्फ सोडत होते.
ती बांधत होती.
चपलेवरून ओळखलं तिनं मला.
'मॅडम, सांगू नका हं.'
कोणाला, ते तिनं म्हटलं नाही.
आईला, की चुलत्याला,
की हे पान फडकवत फिरतील त्यांना.
मी तरी कुठं विचारलं.
टाकीतून पाणी गळत होतं, दोघींच्या पायाशी.

खरं सांगायचं तर
ती घडी मला आवडते.
आणि गावंडे ती सोडायला निघाला
तर मी त्याचा हात धरेन, असंही वाटतं.
असं वाटतं, एवढंच.
हात तर माझा पेनावर होता.

छापील नमुन्यात शेवटचा शब्द आधीच असतो :
सर्वानुमते.
मी फक्त तारीख घातली.
बायांच्या रांगेतून अंगठे आले,
एक अंगठा अर्धाच उमटला, सरपंचबाईंची सही झाली,
यजमानांनी बोट ठेवलं तिथं.

जाताना शाकेराबीनं पुन्हा विचारलं.
मी पानं मागे उलटली, तिला दाखवलं.
तिला वाचता येतं, हे तेव्हा कळलं मला.
विषय चार, नळजोडणी :
वेळेअभावी पुढील सभेत.